बाबांच्या विहिरीतलं सोडियम

देवापुढच्या समईकडे मी कधी धड पाहिलं नाही, पण गॅसच्या एका बोटभर ज्योतीकडे मात्र रोज पाच-सहा तास टक लावून बसायचो आणि त्याचा मला पगार मिळायचा. वर्ध्याला माती आणि पाणी तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी सहायक होतो. सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसलेल्या माणसाला नोकरी लागली म्हणून सिंदी मेघेत आमच्या घरून पेढे वाटले गेले. बाबांनी पेढा तोंडात टाकला आणि एवढंच विचारलं, "म्हंजे मातीच पाहाची हाये? थे तं घरी बी हाये."

त्या यंत्राला फ्लेम फोटोमीटर म्हणत. हातभर लांबीची करड्या रंगाची पेटी, बाजूला गॅसचं सिलिंडर आणि टेबलाखाली सारखा खोकणारा हवेचा कॉम्प्रेसर. पेल्यातलं पाणी केसासारख्या बारीक नळीतून वर ओढलं जायचं, त्याचं धुकं होऊन ते ज्योतीत जायचं आणि ज्योत रंग बदलायची. प्रत्येक धातूचा ज्योतीत आपापला रंग असतो. तेवढाच रंग गाळून घ्यायचा, त्याचा उजेड मोजायचा, की पाण्यात तो धातू किती आहे ते पुढच्या काचेतला काटा सांगतो. आमचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे सोडियम. पाण्याला खारवणारं आणि जमिनीला मारणारं ते हेच. ते आलं की निळी ज्योत पिवळी व्हायची.

आणि सोडियम कुठे नसतं? घामेजलं बोट नळीला लागलं की ज्योत पिवळी. शेजारच्या खोलीत कुणी झाडू मारला की धुळीनं पिवळी. खारे शेंगदाणे खाऊन यंत्राजवळ यायला साहेबांनी सक्त मनाई केली होती. ते स्वतः खाऊन यायचे तो भाग वेगळा. मे महिन्यात, पंखासुद्धा गरम हवा फेकायचा तेव्हा, मी दर नमुन्यामागे हात धुऊन कोरडे करायचो. इतका काटेकोर होतो मी. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते आळसानं झालं नाही. आळसानं झालं असतं तर मी स्वतःला कधीच माफ करून टाकलं असतं.

बाबांचं यंत्र त्यांच्या तोंडात होतं.

आमचं दोन एकर ओलिताचं शेत होतं, गावाच्या वर्ध्याकडच्या अंगाला. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि हिवाळ्यात भेदरं, म्हणजे टोमॅटो. माय टोपली घेऊन वर्ध्याच्या बाजारात बसायची. शेतातली विहीर बाबांनी आणि आजोबांनी स्वतःच्या हातांनी खोदलेली होती. आमच्या भागातल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांत एक रीत पडून गेली होती. कुणाच्या नव्या विहिरीला पाणी लागलं की नारळ फुटायच्या आधी बाबांना बोलावणं यायचं. बाबा त्या दिवशी सकाळपासून विडी ओढायचे नाहीत, तिखट खायचे नाहीत. पहिली बादली वर आली की आधी चूळ भरून तोंड साफ करायचे, मग ओंजळभर पाणी तोंडात घेऊन डोळे मिटायचे. जिभेखाली, एका गालात, दुसऱ्या गालात, टाळूला असं ते पाणी फिरायचं. भोवतीची माणसं श्वास रोखून उभी असायची. मग बाबा पाणी थुंकून निकाल द्यायचे, "वांग्याले चालन, मेथीले नाई." किंवा, "खुशाल लावजो काईबी, गोड हाये." त्यानंतर नारळ फुटायचा. त्यांनी नाही म्हटलेल्या विहिरीवर कुणी मेथी पेरलेली मला आठवत नाही.

माझी नोकरी लागल्यावर घरात आमची गमतीची भांडणं सुरू झाली. जेवताना मी सोडियमच्या गोष्टी सांगायचो, बाबा मायकडे बघून म्हणायचे, "कानामागून आली आन् तिखट झाली ह्याची मशीन." मी म्हणायचो, "बाबा, तुमची जीभ अंदाज सांगते, मशीन आकडा सांगते." ते म्हणायचे, "आकडा खाऊन वांगं मोठं होते काय?" माय हसायची. मीही हसायचो, पण त्यातलं थोडं मला लागायचं. बापाच्या जिभेला आसपासच्या गावांतून मान होता आणि माझ्या पदवीला घरात पेढ्याएवढाही नव्हता.

मग एका वर्षी वांग्याच्या एका कोपऱ्यात झाडं वाळायला लागली. पानांच्या कडा करपायच्या आणि चार दिवसांत झाड मान टाकायचं. बाबांनी एक झाड उपटून मूळ दाखवलं, म्हणाले, मूळ कुजलंय, दर पाच-सात वर्षांनी असं होतं, तो कोपरा एक साल मोकळा सोडू. पण मी त्याच सुमारास अकोल्याकडच्या खारपाण पट्ट्यातल्या पाण्याचे नमुने तपासून संपवले होते. तिकडचं खारं पाणी दिलेल्या जमिनी कशा दगड होतात, पाऊस पडला की कशा चिखलून बसतात, हे सगळं माझ्या डोक्यात ताजं होतं. ज्याच्या हातात हातोडी त्याला सगळीकडे खिळेच दिसावेत, तसं माझं झालं होतं.

"पान्यात खार आला असन, बाबा," मी म्हणालो.

"आपल्या पान्यात?" त्यांना खरंच हसू आलं. "तीस वर्सं पेऊन राह्यलो मी थे पानी. हातच्या कांकनाले आरसा कायले पाह्यजे?"

"रोज पेते त्यालेच समजत नाई. खार हळूहळू वाढते. जिभेले सवय होऊन जाते. मशीनले सवय होत नाई."

हे वाक्य शास्त्र म्हणून बरोबर आहे. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण त्या दिवशी मी ते शास्त्र म्हणून बोललो नव्हतो. शेजारचे दोघे बांधावर उभे होते, त्यांना ऐकू जावं म्हणून बोललो होतो. बाबांचं हसू थांबलं. हातातलं वांग्याचं झाड त्यांनी खाली ठेवलं आणि म्हणाले, "मंग ने तिच्याकडं. पाहू दे तिले बी."

"उद्या एक बाटली भरून ठेवजा," मी म्हणालो, आणि सायकल काढून निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बाटली तयार होती. स्वच्छ, चकचकीत, बुचाला वरून फडकं बांधलेलं. सायकलच्या हँडलला पिशवीत अडकवून मी ती वर्ध्याला नेली. दुपारी तिची पाळी आली. नळी पेल्यात बुडवली, आणि ज्योत एकदम अशी पिवळी झाली की मी मागे सरकलो. काटा टोकाला जाऊन आदळला. मला वाटलं बोट लागलं असेल. हात धुतले, शुद्ध पाण्यानं नळी साफ केली, ज्योत पुन्हा निळी झाल्याची खात्री केली, ठरावीक ताकदीच्या द्रावणांवर काटा नीट बसवून घेतला. पुन्हा तेच. मग नमुना दहापट पातळ करून मोजला. दुसऱ्या दिवशी त्याच बाटलीतून पुन्हा मोजला. काचेच्या नळीतून थेंब थेंब आम्ल टाकून कार्बोनेट काढायची परीक्षाही केली. कार्बोनेट असलं तरच रंग देणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब पडताच पाणी गुलाबी झालं. आमच्या भागातल्या विहिरीचं पाणी असं गुलाबी होताना मी पाहिलं नव्हतं. मी ते आश्चर्य वहीत लिहून ठेवलं आणि पुढे गेलो. माणसाला हवा तो निकाल समोर आला की तो वाट सोडून इकडेतिकडे बघत नाही.

साहेबांनी वही पाहून भुवया चढवल्या. "असा निकाल आला की दुसरा नमुना मागवायचा. नियम आहे आपला."

"साहेब, घरचीच विहीर आहे," मी म्हणालो. "मला माहिती आहे ती."

साहेब माझ्यावर विश्वास ठेवायचे. त्यांनी सही केली. अहवालावर टाइपरायटरनं उमटलं होतं: सिंचनास अयोग्य.

खोटं कशाला बोलू? संध्याकाळी सायकलवरून घरी येताना मला वाईट वाटत होतं. आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक बारीकसा आनंद होता. आता बाबा काय म्हणतात ते बघू, असा. त्या आनंदाची मला इतकी लाज वाटते की गेली कित्येक वर्षं मी हा प्रसंग बायकोलाही पूर्ण सांगितलेला नाही.

बाबांनी अहवाल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग ते शेतात गेले. मीही मागून गेलो. त्यांनी विहिरीतून बादली काढली, चूळ भरली आणि आपल्याच विहिरीचं पाणी, परक्याच्या विहिरीचं घ्यावं तसं, डोळे मिटून तोंडात घेतलं. बराच वेळ लावला. मग म्हणाले, "मले तं गोडच लागते."

मी गप्प राहिलो. तेवढंही गप्प राहायला नको होतं. "एकदा अजून तपासू" एवढं म्हटलं असतं तरी आज मी हे लिहायला बसलो नसतो. पण मी शहाण्यासारखा जमिनीकडे बघत उभा राहिलो, डॉक्टर उभे राहतात तसा.

"तुहं बरोबर असन," बाबा शेवटी म्हणाले. "मी म्हातारा झालो. जीभ मेली असन माही."

ते तेव्हा पंचावन्नचेही नव्हते.

त्यांनी मोटर बंद केली. उभी मेथी वाळू दिली. मी म्हणालो होतो की खाऱ्या पाण्यानं जमीन कायमची मरते, आणि बाबांनी ते माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. ज्या पाण्यानं जमीन मरते ते तिला पाजायचं म्हणजे पाप, असं ते मायला म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी त्या काळ्याशार बागाईत मातीत कोरडवाहू तूर पेरली. तूर बरी आली, पण भाजीवाल्याला तुरीत करमत नाही. पहाटे उठायची सवय होती; उठून करायचं काय, ते कळायचं नाही. रिकाम्या वाफ्यांतून एक फेरी मारून यायचे आणि ओट्यावर बसायचे.

एकदा नव्या विहिरीचं बोलावणं आलं. घरी आलेल्या माणसाला बाबांनी चहा पाजला आणि सांगितलं, "आमच्या पोट्ट्याच्या मशीनकडं न्या पानी. माह्या जिभेचं काई खरं राह्यलं नाई." त्यानंतर बोलावणी येईनाशी झाली. घरातसुद्धा त्यांनी चवीचं बोलणं सोडून दिलं. माय विचारायची, "भाजीत मीठ बरोबर हाये काय?" बाबा म्हणायचे, "तूच पाह्य." पूर्वी मिठाचा एक खडा कमी-जास्त झाला तरी ताट सरकवणारा हा माणूस. मायला वाटायचं, नवरा वयाबरोबर शांत झाला. ती शेजारणींना कौतुकानं सांगायची.

गावाच्या त्या अंगाला तेव्हा घरांचे प्लॉट पडायला लागले होते. लेआउट पाडणारा एक माणूस आधी दोनदा आला होता आणि बाबांनी त्याला वांगी देऊन परत पाठवलं होतं. दोन वर्षं तूर पेरून झाल्यावर तो तिसऱ्यांदा आला, तेव्हा बाबांनी त्याला बसवून घेतलं. आधी माझा अहवाल काढून त्याच्यापुढे ठेवला. "पाहून घ्या, भाऊ. पानी खारं हाये. मंग म्हनसान का म्हाताऱ्यानं फसवलं." तो हसला. प्लॉटला पाण्याच्या चवीशी काय घेणं? शेत गेलं. कागदावर संमती म्हणून माझीही सही आहे. मला त्या वेळी, खरं सांगतो, बाबांची सुटका झाली असंच वाटलं होतं.

वाफे सपाट झाले, चुन्याच्या रेघा पडल्या, आकड्यांचे दगड उभे राहिले. विहीर मोकळ्या जागेत आली म्हणून तेवढी वाचली. तिला कठडा बांधला, कप्पी बसवली. नळ यायला कित्येक वर्षं होती, त्यामुळे नव्या घरांतली सगळी माणसं तिच्यावरच पाणी भरायची. शाळामास्तर, बँकेतले कारकून, एक कंपाउंडर. अंगणात गुलाब, जाई, पपया लागल्या. आणि बाबा रोज सकाळी तिकडे जायला लागले. एकेका फाटकापाशी थांबून सांगायचे, "भाऊ, झाडाईले हे पानी नका टाकू. खारं हाये. जमीन खराब होईन." लोक आधी ऐकून घ्यायचे, मग हसायचे. पाणी तर गोड लागत होतं. पोरं त्यांना खारेबाबा म्हणू लागली. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मला संताप आला, पोरांचा. शहरातल्या माणसांना पाण्यातलं काय कळतं, असं मी मनाशी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिथे जाऊन घोटभर पाणी प्यावं, हे मला सुचलं नाही. ज्या विहिरीचं पाणी पिऊन मी वाढलो, तिला मी अहवाल आल्यापासून तोंड लावलं नव्हतं.

पाच-सहा वर्षं अशी गेली. ऐंशी साल ओलांडून बराच काळ झाला होता. एक दिवस त्याच लेआउटमधले एक मास्तर बाटली घेऊन प्रयोगशाळेत आले. मी कुणाचा मुलगा ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणाले, "आमच्याकडे एक म्हातारे रोज येऊन सांगतात, पाणी खारं आहे म्हणून. चांगला माणूस आहे हो, पण सौ.ला भीती बसली आहे. एकदा तपासून द्या, म्हणजे तिचं समाधान होईल."

मी नळी बुडवली. ज्योत जरा फिकट पिवळी झाली, पोह्यात हळद कमी पडल्यासारखी. काटा थोडासा हलला आणि थांबला. मला वाटलं गॅस संपत आला. सिलिंडर बदललं. द्रावणांवर काटा पुन्हा बसवला. पुन्हा तेच. फिनॉल्फ्थॅलिन टाकलं, पाण्याचा रंग बदलला नाही. मी मास्तरांना म्हणालो, दुसरा नमुना लागेल, मी स्वतः येऊन घेईन. तोच नियम, जो मी बापाच्या वेळी पाळला नव्हता.

संध्याकाळी मी प्रयोगशाळेची बाटली घेऊन आमच्या विहिरीवर गेलो. त्याच पाण्यानं ती तीनदा विसळून भरली. सकाळी साहेब यायच्या आत तपासली. पाणी उत्तम होतं. वांग्यालाच काय, मेथीलाही चाललं असतं.

मी एक आशा धरून होतो. विहिरीचं पाणी वर्षागणिक बदलतं; भरपूर पाऊस झाला असेल, खार धुऊन गेला असेल. कपाटातून जुनी वही काढली. त्या पानावर माझ्याच अक्षरात कार्बोनेटचा आकडा होता आणि पुढे उद्गारचिन्ह. आता शांत डोक्यानं बघताना ते अगदी उघड होतं. आमच्या भागात जमिनीतून येणारा खार असा नसतो. असा असतो तो वाण्याकडे पुडीत मिळणारा, धुण्याचा सोडा. तो पाण्यात पडला तर सोडियमही वाढतं, कार्बोनेटही वाढतं आणि पाणी गुलाबी होतं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे सांगेल. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर, माझ्याच सुवाच्य अक्षरात, शेतकऱ्यांसाठी सूचना लावलेली होती: बाटली साबण, सोडा, राख लावून धुऊ नये, विहिरीच्या त्याच पाण्याने तीन वेळा विसळावी. रोज दहा माणसांना मी ती तोंडी म्हणून दाखवायचो. घरी मात्र "एक बाटली भरून ठेवजा" म्हणून सायकलवर टांग टाकली होती.

ती वही खाली ठेवून मी बाकीच्या वह्या चाळत गेलो. आसपासच्या ज्या विहिरींचं पाणी बाबांनी चाखून निकाल दिला होता, त्यांतल्या काहींचे नमुने पुढे आमच्याकडे आले होते. त्यांनी "मेथीले नाई" म्हटलेली प्रत्येक विहीर आकड्यांतही तशीच निघाली होती. हे सगळं माझ्या हातून लिहिलं गेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

घरी गेलो. माय तांदूळ निवडत होती. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "माय, मागं मी पान्याची बाटली नेलती तपासाले, आठवते काय? थे कायची होती?"

तिला आठवत होती. तिचा चेहरा फुलला. "एरंडेलाची होती रे थे. वास जाता जायेना. तुह्या साहेबापुढं जाची होती नं बाटली, वास आला तं काय म्हनन तो? म्हनून गरम पान्यात सोडा टाकून घासली. आन् मंग वास नको फिराले म्हनून चिमूटभर सोडा अंदर टाकून बूच लावून ठेवली रातभर. सकाळी तुह्या बाबांनी वरून पानी भरलं." तिनं तांदळातला एक खडा वेचून टाकला. "कशी लखलखत होती, नाई?"

"हो," मी म्हणालो.

मला अर्धा मिनिट तिचा राग आला. तेवढाच. पोराच्या नोकरीला बट्टा लागू नये म्हणून तिनं जे केलं ते आमच्या घरातली कुठलीही बाई करेल. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम ज्याचं होतं तो मी. राग ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तो माझ्यापाशीच राहिला, अजून आहे.

मग महिनाभर मी काही बोललो नाही. रोज ठरवायचो आणि रोज बाबा तिकडून फेरी मारून आलेले दिसायचे. सांगून काय होणार होतं? शेताच्या छातीवर घरं उभी होती. लोकांची स्वयंपाकघरं होती तिथे, तुळशी होत्या. चूक कळली म्हणून ती कुणी उचलून नेणार नव्हतं. पण न सांगता बाबांना मरू द्यायचं, आपली जीभ मेली असं समजून, तेही मला सहन होईना. एका रविवारी सकाळी मी विहिरीवर गेलो, घासलेला तांब्याचा लोटा तीनदा विसळून भरून आणला. माय देवळात गेली होती. बाबा ओट्यावर बसले होते.

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. मास्तरांची बाटली, वही, सोडा. दुसरा नमुना मी घेतला नाही, तेही. बांधावर उभ्या असलेल्या माणसांना ऐकू जावं म्हणून बोललो होतो, तेही. बोलताना रडू आलं, ते आवरलं नाही. बाबा समोरच्या रस्त्याकडे बघत ऐकत होते. मध्ये त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"सोडा घरूनच पडला काय बाटलीत?"

"हो."

ते समजले. बराच वेळ त्यांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "तुह्या मायले नको सांगजो. थे मरन ऐकून."

मी मान हलवली. मला वाटलं होतं ते ओरडतील, मला हाकलतील. ते व्हायला हवं होतं. त्यांनी शेताचं नाव काढलं नाही. मी लोटा पुढे केला. "बाबा, तुमचंच खरं होतं. पानी गोडच होतं. आजबी हाये. पाहा तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लोट्याकडे पाहिलं. खिशातली विडी काढून बाजूला ठेवली. घरातलं पाणी घेऊन चूळ भरली, एकदा, दोनदा. मग लोट्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तोंडात घेऊन डोळे मिटले. इतक्या वर्षांनी ते गाल पुन्हा तसे हलताना मी पाहिले. एका गालात, दुसऱ्या गालात, टाळूला. देवाकडे मी कधी काही मागत नाही, तेव्हा मागितलं.

बाबांनी पाणी थुंकलं. पुन्हा एक ओंजळ घेतली. पुन्हा थुंकली. मग ओठ पुसले.

"आपल्याच इहिरीचं हाये," ते म्हणाले. "ओयखलं मी."

"मंग?"

"खारं लागते रे."

"नीट पाहा नं, बाबा."

"पाह्यलं." त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खंत होती, जणू माझं एखादं काम त्यांच्याकडून व्हायचं राहून गेलं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मले खारंच लागते. तुले वाईट वाटत असन, तं गोड हाये म्हंतो."

मी लोटा त्यांच्या हातून घेतला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. ते गोड होतं.